तेलाला त्याचं पाणी वेगळं दे

मने, बोटीचे फोटो पाहिले. रंग झकास, सीट्स नव्या कोऱ्या, आणि नवरोबा स्टीअरिंगवर असा बसलाय की जणू अख्खा हवासू लेक त्याच्या नावावर झालाय. पण जो फोटो सगळ्यात आधी पाठवायचा तो तू शेवटी पाठवलास. इंजिनाचं झाकण उघडं, आत ४५४ शेवी, मागे बर्कलीचा जेट पंप, आणि ऑइल कूलर कुठेच नाही. ॲरिझोनाच्या जुलैत! आधीच्या मालकाने बोट संध्याकाळी गार वाऱ्यात निवांत फिरवली असणार. तुम्ही दोघं तशी फिरवणार नाही, हे मला तुझ्या लहानपणच्या सायकलीवरून माहीत आहे.

अगं, गाडीचं इंजिन हायवेवर आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरतं, उतार आला की जरा विसावतं. बोटीला उतार नसतो. पाणी सतत अडवत असतं, म्हणून इंजिन सतत चढावर असल्यासारखं राबतं. एवढं असून पाण्याचा गेज शांत दिसतो, कारण तळ्याचं थंड पाणी ब्लॉकमधून वाहत असतं. तेल मात्र क्रँकच्या बेअरिंगांत आणि पिस्टनच्या खाली तापत असतं, आणि त्याचा गेज तुझ्या डॅशबोर्डवर नाहीच. म्हणून खरेदीची सुरुवात कूलरपासून करू नकोस. आधी ऑइल पॅनमध्ये सेन्सर बसवून तेलाच्या तापमानाचा गेज लाव. २०० ते २३० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ९३ ते ११० सेल्सियस, हे बरं. जोरात पळवल्यावर आकडा २५०च्या वर जाऊन तिथेच राहत असेल, तर मग कूलर हवाच.

आता पाणी आणायचं कुठून? लोक तुला सोपी वाट सांगतील. पंपाकडून इंजिनाला जाणारी लाइन तोड, मधे कूलर घाल, पुढे तेच पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला आणि ब्लॉकला जाऊ दे. छिद्रं कमी, होज कमी, दुपारभरात काम संपतं. स्टर्नड्राइव्हच्या बोटीत असंच करतात आणि ते बरोबरही आहे. तिथे रबरी इम्पेलरचा पंप मोजकं पाणी ढकलतो, ते आधी कूलरमधून आणि मग इंजिनात जातं. कूलरचं तोंड होजएवढंच रुंद असलं की झालं.

जेटचं गणित वेगळं आहे. तुझ्या इंजिनाला पाणी देणारा वेगळा पंप नाही. जो पंप बोट ढकलतो, त्याच्याच पोटाला तोटी मारून पाणी घेतलेलं असतं, आणि इंजिन योग्य तापमानावर राहावं म्हणून त्या लाइनवर गेट व्हॉल्व्ह असतो. तो व्हॉल्व्ह इंजिनाच्या मर्जीने थोडा मिटला, की मागे बसलेल्या तेलाचंही पाणी तोडलं जातं. वाड्यातल्या सामाईक नळासारखं होतं ते, एकीची बादली भरताना दुसरी खोळंबते. त्यात बारीक तोंडाचा कूलर मधे घातलास, तर उलट इंजिनच तहानलेलं राहील. म्हणून माझं मत ठाम आहे. जेट बोटीत तेलाला पंपापासून वेगळी लाइन, वेगळा व्हॉल्व्ह आणि बाहेर पडायला वेगळं तोंड दे.

आणि हे नीट ऐक, कारण यासाठीच मी एवढं लिहिते आहे. व्हॉल्व्ह कूलरच्या आधी बसव. नंतर कधीच नाही.

कारण दाबात आहे. दमदार इंजिनावर फुल थ्रॉटलला जेट पंपाच्या पोटातला दाब १०० पीएसआयच्या आसपास, कधी त्याच्याही पुढे जातो. तुझ्या तेलाचा दाब त्या वेळी असतो ६०च्या आसपास. व्हॉल्व्ह कूलरच्या नंतर बसवून तू तो मिटलास, तर पंपाचा सगळा दाब कूलरच्या आतल्या पातळ नळ्यांवर येतो. नळीला केसाएवढी चीर असली तरी पाणी तेलात शिरेल, तेल दुधाळ होईल, आणि पुढचं बिल बेअरिंगांचं येईल. व्हॉल्व्ह आधी असेल आणि पुढचा रस्ता थेट तळ्याकडे मोकळा असेल, तर कूलरच्या आत दाब साचतच नाही. तेव्हा गळती झालीच तरी पळताना तेल पाण्यात जाईल, पाणी तेलात नाही. तेही वाईटच, पण इंजिन वाचतं. म्हणूनच बाहेर जाणारा होज आत येणाऱ्याहून बारीक नको, आणि त्यावर कसलीही तोटी नको. पंप ते व्हॉल्व्ह हा तुकडा शक्य तितका आखूड ठेव आणि दाब सोसणाऱ्या वेणीदार होजचा घे. गाडीच्या हीटरचा रबरी होज तिथे अजिबात नको, नवरोबा कितीही म्हणाला तरी.

कूलर घेताना नळीवाला घे: बाहेर गोल डबा, आत तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्या. पाणी नळ्यांतून आणि तेल त्यांच्या भोवतीने जातं. रेसिंग गाडीसारखा जाळीचा, हवेवर चालणारा कूलर बोटीच्या झाकणाखाली निव्वळ शोभेचा असतो, कारण तिथे वाराच नाही. जोडताना पाणी आणि तेल समोरासमोरून वाहू दे. तेल ज्या टोकाने बाहेर पडतं, त्याच टोकाने थंड पाणी आत घे. पाण्याचं आत येणारं तोंड खाली आणि बाहेर जाणारं वर ठेव, म्हणजे हवा अडकत नाही. कूलर रबर लावलेल्या पट्ट्यांनी घट्ट बांध, आणि होजचं वजन त्याच्या पितळी तोंडांवर टांगू नकोस. धक्के खाऊन झाळलेला सांधा तिथेच तडकतो.

पाणी बाहेर टाकायचं छिद्र बोटीच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या वर पाड, आणि असं पाड की चालवणाऱ्याला धार दिसेल. दिसणारी धार कुठल्याही गेजपेक्षा आधी सांगते की पाणी वाहतंय. ड्रिल लावण्याआधी आतून हात घालून बघ, मागे लाकडी स्ट्रिंगर तर नाही ना. छिद्राची कड इपॉक्सीने बंद कर, नाहीतर फायबरच्या थरांत पाणी मुरत राहील.

तेलाच्या बाजूचं थोडक्यात. होज बारा नंबर एएन घे. तेल आधी फिल्टरमधून आणि मग कूलरमधून जाऊ दे, म्हणजे कचरा कूलरमध्ये साचत नाही. कधी बेअरिंग गेलंच तर जुना कूलर धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नकोस, आतला धातूचा चुरा पूर्ण निघत नाही. तेलाच्या बाजूला १८० फॅरनहाइटला उघडणारा थर्मोस्टॅटही लाव. मार्चमधलं नदीचं पाणी चांगलंच गार असतं, आणि तेल फार थंड राहिलं तर त्यात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. एएनच्या फिटिंगवर टेप लावायची नसते. निमुळत्या आट्यांच्या पाइप फिटिंगवर सीलंट पेस्ट लाव. टेपचे धागे सुटून तेलात गेले की निस्तरणं कठीण.

वाळूचं विसरू नकोस. हा जेट मुळातच उथळ पाण्यासाठी जन्मला. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने १९५०च्या दशकात तो तिथल्या नद्यांसाठी घडवला, आणि १९६० साली त्याच्या बोटी तुमच्या हवासूच्याच कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. तळाजवळून पाणी ओढणार म्हटल्यावर वाळू आणि शेवाळ येणारच. कूलरच्या आधी गाळणी हवी, पण धातूची. पारदर्शक प्लास्टिकची वाटी दिसायला छान असते, पण या दाबाला फुटू शकते.

पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेव, थोडं जोरात पळव, तेलाचा गेज बघ, मग जरा मिटव किंवा उघड. जागा सापडली की दांडा काढून खिशात टाक, नाहीतर कुणीतरी पाहुणा फिरवून ठेवेल. घरी बागेच्या नळाने धुताना आधी इंजिन सुरू कर आणि मग नळ सोड. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलंस तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. आणि वेगळी लाइन असल्यामुळे नळाचं पाणी कूलरपर्यंत आपोआप पोचत नाही, त्यासाठी मधे टी जोडून घे.

सगळ्या लाइनच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन प्लग बसवून घे. २००७ साली लेक मीड आणि हवासूत क्वागा शिंपले सापडले, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं अशा उरलेल्या पाण्यातूनच दुसऱ्या तळ्यात जातात. बोट रॅम्पवरून वर आली की तिथेच प्लग काढ आणि पाणी पूर्ण निथळू दे. डिसेंबरमध्ये तुम्ही बोट घेऊन फ्लॅगस्टाफला दादाकडे जाल, तेव्हा तर हे दोनदा बघ. तिथल्या थंडीत नळीतल्या थेंबाचाही बर्फ होतो, आणि फुटलेली नळी उन्हाळ्यात पहिल्यांदा इंजिन सुरू करेपर्यंत कुणाला कळत नाही.