एक्झॉस्टशेजारचं अर्धा लिटर तेल

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माणसाला ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ, त्यावर मिठाचा मारा, आणि घरासमोरचा ड्राइव्हवे चढाचा. पुढची चाकं घसरायला लागली की मागची चाकं आपणहून जोर लावतात आणि गाडी सुखरूप वर येते. ज्या भागामुळे हे घडतं तो मात्र फार थोड्या गाडीमालकांना माहीत असतो. त्याचं नाव पॉवर ट्रान्सफर युनिट. गॅरेजमध्ये सगळे पीटीयू म्हणतात. त्यातलं गिअर ऑईल मी गेली काही वर्षं स्वतः बदलतो, माझ्या गाडीचं आणि इथल्या मराठी मित्रांच्या गाड्यांचंही. या कामातून जे हाताला आणि डोळ्यांना कळलं, ते लिहितो आहे.

१. तो भाग काय करतो ते आधी समजून घ्यावं.

अशा बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि मूळ रचना पुढच्या चाकांना ताकद देण्याची असते. मागे ताकद न्यायची तर गती काटकोनात वळवून लांब प्रोपेलर शाफ्टमध्ये सोडावी लागते. गिअरबॉक्सला चिकटलेल्या एका छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन हे काम करतात. मागची चाकं जोडणारा क्लच सहसा मागच्या डिफरेन्शियलपाशी असतो. त्यामुळे अनेक गाड्यांत मागच्या चाकांना काहीच काम नसलं तरी पीटीयूचे गिअर आणि शाफ्ट फिरतच राहतात. जुलैच्या कोरड्या हायवेवर ताशी सत्तर मैलांनी जातानासुद्धा! अलीकडच्या काही गाड्यांत हे फिरणं गरज नसताना तोडायची सोय आली आहे, पण रस्त्यावर जुन्या गाड्याच जास्त आहेत.

आता जागा बघा. इंजिनाच्या मागच्या अंगाला, एक्झॉस्टच्या पाइपाला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जवळजवळ खेटून. त्या कन्व्हर्टरला नीट काम करायचं तर आतून २५०-३०० अंश सेल्सियसच्या वर तापावंच लागतं. अशा शेजारी हे युनिट बसतं, आणि त्यात तेल किती? फोर्डच्या एज, फ्लेक्स किंवा २०११ ते २०१९ या पिढीच्या एक्सप्लोररमध्ये सुमारे अर्धा लिटर. इंजिनात पाच-सहा लिटर तेल असतं, ते फिल्टरमधून फिरतं, आपण ते नियमानं बदलतो. इथे अर्धा लिटर, फिल्टर नाही, आणि गिअरचे दाते एकमेकांवर घासत सरकतात त्याची उष्णता वेगळीच.

२. पुस्तिकेत मुदत दिलेली नसली तरी आपण ठरवावी.

बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हे तेल नेहमीच्या वापरात बदलायला लागत नाही असंच छापलेलं असतं. हे मला पटत नाही. इंजिन-गिअरबॉक्सची हमी इथे साधारणपणे पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांपर्यंत असते. आपल्यासारखी माणसं मात्र गाडी दीड लाख मैल चालवतात, मग कॉलेजात गेलेल्या मुलीला देतात. तेलाच्या बाबतीत इंजिनिअर मंडळी एक ढोबळ नियम सांगतात: तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेल खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो. एक्झॉस्टशेजारी हा हिशेब किती भराभर चढतो ते तुम्हीच बघा.

मी ३०,००० मैलांवर, म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटरवर बदलतो. मागे ट्रेलर ओढत असाल किंवा डोंगरात राहत असाल तर त्याहूनही आधी बदलावं. तेलाची बाटली वीस-तीस डॉलरला मिळते. युनिट गेलं तर नवं युनिट आणि मजुरी मिळून खर्च हजार डॉलरच्या सहज पुढे जातो. एवढं गणित मांडलं की मित्रमंडळी शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतात.

३. नाकाला आधी कळतं.

गिअर ऑईलमध्ये दात्यांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. म्हणून त्याला तो उग्र, कुबट वास असतो, जो कपड्यांना लागला तर दोन धुण्यांत जात नाही. लांबच्या प्रवासानंतर गाडी गॅरेजमध्ये लावली आणि पुढून जळक्या गंधकासारखा वास आला, तर ऑईल सील किंवा व्हेंटमधून गळलेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडत असण्याची शक्यता मोठी. खाली वाकून, टॉर्च मारून बघा. जमिनीवर थेंब सापडेलच असं नाही; ते वरच्या वर जळून जातात.

४. आधी तेल भरायचा प्लग सोडवा, मगच बाकीचं.

हा नियम कुठल्याही गिअरबॉक्सला लागू आहे. जुनं तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून घट्ट बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येणार नाही. मिशिगनसारख्या मिठाच्या मुलखात तर आदल्या रात्रीच प्लगवर गंज सोडवणारं तेल फवारून ठेवावं. प्लगचं डोकं ब्रशनं घासून, खाचेतली माती टोकदार वस्तूनं उकरून, मगच पाना बसवावा. पाना पूर्ण खोल बसला की नाही हे बोटांनी चाचपून पाहावं, कारण तिथे नजर पोचत नाही. आणि झटका देऊ नये, जोर सावकाश वाढवत न्यावा. हौसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. त्याचे आटे गेले तर पुढचा सगळा खर्च त्या आट्यांपायी होतो.

५. गाडी चारही चाकांनी उचला, सपाट ठेवा.

फक्त पुढची चाकं रॅम्पवर चढवली की गाडी तिरकी होते आणि तेलाची पातळी खोटी दिसते. चारही बाजूंना घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. मित्राचा मुलगा मदतीला आला की मी हे त्याला दर वेळी सांगतो, आणि दर वेळी सांगणार.

६. तेल कोमट हवं, एक्झॉस्ट गार हवा.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा आणि तासभर थांबा. एवढ्यानं जमतं.

७. निचरा नसेल तर ओढून काढा, घाई न करता.

टोयोटाच्या राव्ह-४सारख्या काही गाड्यांत खाली निचऱ्याचा प्लग असतो; तो उघडला की काम सोपं. पण अनेक पीटीयूंना, विशेषतः जुन्या, असा प्लगच नाही. भरायच्या भोकातून पातळ नळी आत सोडायची आणि हातपंपानं किंवा मोठ्या सिरिंजनं तेल ओढायचं. खरं कौशल्य इथे लागतं.

नळी फार मऊ असली तर दात्यांवर आपटून वर वळते, फार कडक असली तर वळण घेत नाही. मी नळीचं टोक तिरकं कापतो, म्हणजे ते हौसिंगच्या तळाला चिकटून बंद होत नाही. मग नळी आत ढकलत थोडी थोडी फिरवायची. क्राऊनला लागली की टणक टक्कर जाणवते, बाजूनं खाली घसरली की हाताला एकदम मोकळं लागतं. तिथे थांबायचं आणि पंप ओढायचा. मुदतीत बदललेलं तेल तपकिरी, मधासारखं येतं. एक लाख मैल कुणी हात न लावलेल्या गाडीतलं तेल मी पाहिलं आहे: काळं, चिकट. पंपाचा दट्ट्या मागे ओढून धरला तरी नळीत ते बोटबोट सरकत होतं, आणि मध्येच हवेचा बुडबुडा आला की पुन्हा पहिल्यापासून. पारदर्शक नळी वापरायचं कारण हेच: तेल कुठवर आलं, हवा कुठे आली, सगळं दिसतं.

इतकं घट्ट तेल एका दमात पुरं निघत नाही. तेव्हा निघेल तेवढं काढावं, नवं तेल भरावं, गाडी काही मैल चालवावी आणि पुन्हा ओढावं. आतला गाळ नव्या तेलात विरघळून बाहेर येतो. रॉकेल किंवा डिझेल घालून धुवायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. ते तळाशी उरतं आणि नव्या तेलाला पातळ करतं. हौसिंगला जागेवर भोक पाडून निचऱ्याचा प्लग बसवणारे हौशी लोकही आहेत. माझं मत स्पष्ट आहे: युनिट गाडीतून उतरवलेलं असेल तर जरूर करावं; गाडीवरच ड्रिल चालवलं तर धातूचा कीस आत पडतो, आणि ज्या गिअरसाठी सारा खटाटोप त्यांच्यातच तो जातो.

काढलेलं तेल बाटलीत भरून मोजावं. जेमतेम पाव लिटर निघालं तर उरलेलं एक तर आत आहे, नाही तर कधीचंच गळून गेलं आहे. दोन्ही गोष्टी कळायलाच हव्यात.

८. प्लगवर चुंबक असेल तर ते वाचायला शिका.

बऱ्याच प्लगना टोकाशी चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा लेप जमलेला असतो. तो दोन बोटांत चोळून बघावा. मऊ, काजळासारखा लागला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचलं, चकाकती कपची दिसली, तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलं आहे, आणि तिथे नव्या तेलानं भागणार नाही. चाळीस-पन्नास मैलांच्या वेगात पुढून बारीक किंकाळीसारखा आवाज येत असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची.

९. बाटलीवरचा आकडा बघूनच तेल घ्या.

वर सांगितलेल्या फोर्ड गाड्यांना ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक लागतं. दुसऱ्या कंपन्या आपापल्या युनिटसाठी पातळ दर्जाचं सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे असेल तेच आणावं. ७५डब्ल्यू हा थंडीचा भाग: असं तेल उणे ४० अंश सेल्सियसपर्यंत गिअरपाशी वाहत पोचेल इतकं पातळ राहतं. ८५डब्ल्यू तेलाची तीच हद्द उणे १२ अंशांवर संपते, म्हणजे आमच्या जानेवारीतल्या एखाद्या साध्या सकाळी. १४० हा गरमीचा भाग, १०० अंशांना तेल किती दाट राहतं त्याचा. एक्झॉस्टशेजारच्या गिअरला हा दाटपणा वाचवतो. स्वस्त पडतं म्हणून नुसतं ८५डब्ल्यू-१४० घेऊ नये.

१०. काठोकाठ म्हणजे किती, ते पुस्तिकेत बघा.

बहुतेक गाड्यांत भोकाच्या खालच्या काठापर्यंत, काहींत त्याच्या थोडं खाली. जास्त भरलं तर गरम झाल्यावर फुगलेलं तेल व्हेंटमधून बाहेर येतं आणि एक्झॉस्टवर पडतं. तो व्हेंट चिखलानं बुजला असेल तर आतला दाब ऑईल सीलवर येतो आणि सील गळायला लागतं. म्हणून व्हेंट पुसून मोकळा करणं हा या कामाचाच भाग समजावा. प्लग आधी बोटांनी फिरवून आटे धरू द्यावेत, मग टॉर्क पान्यानं पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळावा. काढलेलं तेल झाकणबंद डब्यात भरून गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात द्यावं. इथली बरीच दुकानं जुनं गिअर ऑईल फुकट घेतात.

११. टायर आणि टोइंग यांचाही या युनिटशी संबंध आहे.

एकच टायर फुटला म्हणून एकच नवा घातला, तर त्याचा घेर बाकी तिघांपेक्षा मोठा होतो आणि पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगात सतत फरक पडत राहतो. तो ताण या साखळीतल्या गिअरना आणि क्लचना सोसावा लागतो. चारही टायर सारखे झिजलेले असावेत. गाडी बंद पडली तर सपाट ट्रकवर चढवूनच न्यायला सांगावी, दोन चाकं उचलून फरफटत नव्हे.

१२. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी.

पुण्याचा भाचा फोनवर विचारतो, “मामा, आमच्याकडे हे असतं का?” असतं. थारसारख्या गाड्यांत इंजिन उभं असतं आणि तिथे वेगळी ट्रान्सफर केस असते. पण पुण्याजवळ रांजणगावला २०१७ पासून बनणारी जीप कंपास, तिचं चारचाकी ताकदीचं मॉडेल, किंवा एक्सयूव्ही ७०० चं ऑल-व्हील-ड्राइव्ह, या आडव्या इंजिनाच्या गाड्या आहेत. त्यांच्यात गती अशीच वळवून मागे नेली जाते. तेलाचा दर्जा आणि मुदत त्या त्या पुस्तिकेतून घ्यावी.

आपल्याकडे मिठापेक्षा पाणी जास्त छळतं. लांबून आलेली, तापलेली गाडी रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात घातली की युनिट झटक्यात गार होतं, आतली हवा आकसते आणि व्हेंटमधून किंवा झिजल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात गाडी गुडघाभर पाण्यातून काढली असेल तर भरायचा प्लग उघडून थोडं तेल सिरिंजमध्ये ओढून बघायला सांगा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलं आहे. तेव्हा किलोमीटर मोजत बसू नये. ते तेल त्याच आठवड्यात बदलावं, पंधरा दिवसांनी पुन्हा थोडं ओढून बघावं, आणि अजून दुधाळ असेल तर आणखी एकदा बदलावं. मागच्या डिफरेन्शियलचं तेलही तेव्हाच तपासून घ्यावं, कारण तेही त्याच पाण्यातून आलेलं असतं.