आधी गटवारी, मग सरासरी



गाळप हंगामात राज्यातील कारखान्यांचे रोजचे आकडे पुण्यास शिवाजीनगरच्या साखर संकुलात, साखर आयुक्तालयाकडे जातात. ऊस किती गाळला, साखर किती झाली, उतारा किती पडला. हा ढीग नुसता वाचून कोणाला काय उमगणार? म्हणून त्याची कोल्हापूर, पुणे, सोलापूर, नांदेड अशी विभागवार गटवारी करतात व प्रत्येक विभागाचा गोषवारा काढतात. हेच काम आपणही आपल्या वजनाच्या पावत्यांवर करावयाचे आहे. खोडवा ठेवावा की मोडावा, हे त्यातून कळते.

प्रथम पावत्या फडवार लावा व प्रत्येक फडाच्या टनांची बेरीज करा. मग लागणीचे फड एकीकडे, खोडव्याचे दुसरीकडे. प्रत्येक गटाचे सहा आकडे काढा : फडांची संख्या, एकूण क्षेत्र, एकूण टन, एकरी सरासरी, आणि जास्तीत जास्त व कमीत कमी एकरी उतारा.

उदाहरणादाखल समजा :

आडसाली लागण
फड १ : २ एकर, ११० टन (एकरी ५५)
फड २ : अर्धा एकर, ३५ टन (एकरी ७०)

खोडवा
फड ३ : १ एकर, ४० टन (एकरी ४०)
फड ४ : दीड एकर, ४५ टन (एकरी ३०)

सगळे एकत्र धरले तर ५ एकरांत २३० टन, म्हणजे एकरी ४६. पण ४६ टन ना लागणीला पडले, ना खोडव्याला! गटवारी न करता काढलेली सरासरी अशी फसवते.

दुसरी चूक नेहमी होते ती अशी. लागणीचे ५५ आणि ७० मिळवून दोनाने भागतात व साडेबासष्ट सांगतात. हे खरे नव्हे. अर्ध्या एकराला दोन एकरांइतके वजन कसे द्यायचे? एकूण टनांस एकूण क्षेत्राने भागा : १४५ भागिले अडीच, म्हणजे ५८. तसेच खोडव्याचे ८५ भागिले अडीच, म्हणजे ३४.

आता ५८ कुठे नि ३४ कुठे, असे म्हणून लगेच नांगर घालू नका. आडसाली १७ महिने उभी होती आणि खोडवा १२ महिने, असे धरले तर एकरी दरमहा लागणीचे सुमारे ३.४ टन आणि खोडव्याचे २.८ टन पडतात. शिवाय खोडव्याला बेणे नाही, पूर्वमशागत नाही. खर्च वजा करूनच तुलना करा.

खरा प्रश्न फड ४ चा आहे. खोडवाच, पण फड ३ पेक्षा एकरी १० टन कमी. तेथे बुडखे वेळेवर छाटले का? नांग्या भरल्या का? पाचट सरीत ठेवले की पेटवून दिले? कमीत कमीचा आकडा कोणत्या बांधावर जायचे ते दाखवतो.

एक सावधगिरी ठेवा. बेण्याला किंवा गुऱ्हाळाला दिलेला ऊस कारखान्याच्या पावतीत येत नाही. त्याचे टन मिळवा, नाहीतर तेवढे क्षेत्र वगळा.

संगणकही आधी गट पाडतो, मगच बेरीज करतो. आपल्याला वही-पेन्सिल पुरे. पट्टा पडल्यावर पावत्या टाकून देऊ नका. अडचण आली तर त्या घेऊन शेतकी गट कार्यालयात या, आपण मिळून गोषवारा काढू.

आपला,
ऊस विकास अधिकारी