तयार मॉडेल घेतलं तर चालेल का?

प्रश्न : इथेनॉल-पाण्याच्या ऊर्ध्वपातनाचं सिम्युलेशन शून्यापासून करू की कुणाचं तयार घेऊ?
– एक विद्यार्थिनी, पन्हाळा

उत्तर : तयार घ्या, त्यात कमीपणा नाही; फक्त मूळ कर्त्याचं नाव अहवालात द्या. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाच्या संकेतस्थळावर डीडब्ल्यूसिम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधली फ्लोशीट्स मोफत मिळतात. शीर्षकावर जाऊ नका, सारांश वाचा. आधी काहीही न बदलता चालवून मूळ आकडे जुळतात का पाहा. मग थर्मोडायनॅमिक मॉडेल तपासा. इथे एनआरटीएल शोभतं. वातावरणीय दाबाला साध्या स्तंभातून वजनाने ९९ टक्के इथेनॉल निघत असेल, तर ती फाइल खुशाल टाकून द्या. मिश्रण साधारण ९५.६ टक्क्यांवर अडतंच. आणि हो, दाब! फाइलीत १०१.३ किलोपास्कल असेल; तुमच्या गडावर तो ९०च्या आसपास असतो, पाणीही ९७ अंशांनाच उकळतं.