हापशाचे उपकार

वाचकहो, आपल्या गावात हापसा असेलच. दांडा दाबला की पाणी येते. घागर भरते. बाई घागर डोक्यावर घेऊन चालू लागते. हापशाकडे वळून कोणी पाहत नाही. आज आपण त्याच्याकडे जरा पाहू.

आमच्या लहानपणी गावाला पायऱ्यांची विहीर होती. बायाबापड्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरत आणि घागरी भरत. तेच पाणी सारा गाव पीत असे. त्या पाण्यातून नारू होई. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. नारू झालेल्या माणसाने पाण्यात पाय घातला की फोडातून किड्याची पिल्ले पाण्यात पडत. पाण्यातले बारीक जीव ती गिळत. ते पाणी जो पिईल, त्याच्या पायातून वर्षभराने नारू बाहेर येई. आमच्या वडिलांना नारू झाला तो नेमका पेरणीच्या दिवसांत. वडील खाटेवर आणि शेत पडीक! त्या साली घरात दाणा आला नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. विहीर आटली. आई पहाटे उठून कोसभर चालायची, तेव्हा कुठे दोन घागरी पाणी मिळायचे.

दुष्काळानंतर गावात यंत्र आले. त्याने काळा पाषाण फोडून खोल बोअर घेतले. त्यावर हापसा बसला. गाव आनंदला. पण सहा महिन्यांत हापसा मोडला! बाया पुन्हा विहिरीवर जाऊ लागल्या.

असे का झाले? ते जुने हापसे बिडाचे होते. एका घरापुरते पाणी काढावे, एवढीच त्यांची ताकद. इथे तर सारा गाव दिवसभर दांडा मारी. खिळे झिजत, दांडा डुगडुगे, शेवटी तुटे. गावोगावी हीच रड होती.

मग काही माणसांनी डोके चालवले. हे काम दूर कुठे नाही, आपल्याच मुलखात सुरू झाले. जालना आणि सोलापूर येथे नवे, दणकट हापसे तयार झाले. त्यांतल्या सोलापूर पंपावरून भारत सरकार आणि युनिसेफ यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा घडवला. तो देशभर गेला, आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला.

त्यात युक्ती काय होती? बिडाऐवजी पोलाद घेतले. दांडा बेअरिंगवर बसवला, म्हणून तो हलका फिरतो. दांड्याला साखळी जोडली. दांडा खाली दाबला की साखळी बोअरमधली सळई सरळ वर ओढते. सळईच्या टोकाला दट्ट्या असतो, तो पाणी वर उचलतो. दांडा वर सोडला की सळई आपल्याच वजनाने खाली जाते. सळई वाकडी घासत नाही, म्हणून लवकर झिजत नाही. गोष्ट साधी, पण सुचायला माणूस लागतो!

असा हापसा आमच्या गावात बसला, तेव्हा आम्ही नुकतेच मास्तर झालो होतो. आईने पहिली घागर भरली आणि विचारले, “अरे, तू मास्तर ना? मग सांग, हे डोकं कुणाचं?” आम्हाला उत्तर आले नाही. आई हसली. तिने दांड्याला हळदकुंकू लावले आणि म्हणाली, “असू दे. ज्यानं केलं त्याला पोचेल.”

गावोगावी हापसे झाले. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या. लोक पाणी गाळून पिऊ लागले. आरोग्यसेवक घरोघर फिरले. १९९६ नंतर भारतात नारूचा नवा रोगी आढळला नाही. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. आमच्या नातवाला नारू हा शब्दही ठाऊक नाही.

आता पुष्कळ गावांत नळ आले. चांगलेच झाले. पण वीज गेली, नळ कोरडा पडला, की गाव हापशाकडेच धावते.

मंडळी, ज्यांनी हे घडवले ते आपल्याला भेटणार नाहीत. मग त्यांचे उपकार फेडायचे कसे? साखळीला वेळेवर ग्रीस लावावे. ओटा फुटला तर लगेच बुजवावा. ओट्यावर गुरे धुऊ नयेत. सांडपाणी चर काढून दूर न्यावे, कारण ते मुरले तर बोअरचे पाणी नासते. पोरे दांड्याला लोंबकळत असतील तर त्यांना हाकलू नका. जवळ बसवा आणि हा धडा वाचून दाखवा.

विचार करा :
१. जुने हापसे लवकर का मोडत?
२. आपल्या हापशाला ग्रीस शेवटचे कधी लावले? गावात विचारा.
३. आपल्या घरातली अशी कोणती वस्तू आहे, जी कोणी केली हे आपण कधी विचारले नाही?