घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी

अकोले तालुक्यातून पुण्याला आणि पुण्याहून अमेरिकेला, हा रस्ता आता आपल्याकडच्या पुष्कळ मुलींच्या पायाखालचा झाला आहे. मीही त्याच रस्त्याने न्यू जर्सीला गेले. नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा, एच-१बी; माझा त्याची बायको म्हणून मिळालेला, एच-४. पुढे लग्न मोडलं. आता राजूर, कोतूळ, संगमनेरकडचे आईवडील मुलीचं बिनसलं की माझ्याकडे येतात. ते पोटगीचं विचारतात, दागिन्यांचं विचारतात. मुलीचा व्हिसा कोणता, हे पहिल्या भेटीत अजून कुणी सांगितलेलं नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते.

१. आपला व्हिसा कोणाच्या नावावर उभा आहे, ते आधी समजून घ्या.
एच-४ हा नवऱ्याच्या नोकरीवर आणि त्याच्याशी असलेल्या लग्नावर टिकतो. २०१५ पासून काही एच-४ बायकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्याचाही आधार तोच. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतसुद्धा आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरच्या तारखेला बांधलेली होती. लायसन्सच्या ऑफिसात खिडकीतल्या बाईंनी दोन्ही तारखा बोटाने दाखवल्या, तेव्हा मला माझी परिस्थिती नीट कळली.

२. वेगळं राहायला लागल्यापासून निकालापर्यंतचा काळ वाया घालवू नका.
मला सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे. अमेरिकेत नवरा-बायको वेगवेगळ्या घरांत राहू लागले, म्हणून एच-४ लगेच जात नाही. कायद्याने लग्न आहे आणि नवऱ्याचा व्हिसा चालू आहे, तोवर तो राहतो. घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की त्या तारखेपासून आधार संपतो. नोकरी गेलेल्या एच-१बीवाल्याला साठ दिवसांपर्यंत सवलत मिळते. घटस्फोट झालेल्या एच-४ बाईला तशी सवलत नाही. जे करायचं ते हुकमाच्या आधी करावं लागतं. कॉलेजात प्रवेश घेऊन एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येतो. शिक्षण आणि कंपनी दोन्ही जुळत असतील, तर स्वतःचा एच-१बी मागता येतो. त्याची नोंदणी मार्चमध्ये होते, नाव लॉटरीत निघावं लागतं आणि काम सुरू होतं १ ऑक्टोबरला. एच-४ वर काढलेली वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांत मोजत नाहीत, ही त्यातली चांगली बाजू. न्यू जर्सीत सहा महिने न मिटणारे मतभेद एवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो, म्हणजे घड्याळ भराभर पळतं. तिथे घटस्फोटाचा वकील वेगळा आणि इमिग्रेशनचा वेगळा. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा आणि निकालाची तारीख दोघांनी मिळून ठरवू द्या. नवऱ्याच्या कंपनीने दिलेला वकील आपला नसतो.

३. “तू आधी निघून ये, मग बघू.”
आई फोनवर हेच म्हणायची. अकोल्यातली कोणतीही आई हेच म्हणेल, त्यात मायाच असते. पण एच-४ वर देश सोडला की परत जाताना नवऱ्याचे कागद लागतात आणि ते देणं-न देणं त्याच्या हातात असतं. आपण इकडे आणि खटला तिकडे, असं होऊन बसतं. मूल तिथे जन्मलेलं असेल तर अधिकच जपा. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा तिथे १९९३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलांच्या अपहरणाविषयीच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे तिथली न्यायालयं अशा प्रकरणात जास्त सावध असतात. जिवाला धोका असेल, तर मात्र त्या क्षणी घराबाहेर पडा. ९११ ला फोन करा. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते.

४. मारहाण सोसून व्हिसा टिकवायचा नसतो.
नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर छळ झालेली बायको त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करू शकते. घटस्फोटानंतरही दोन वर्षांपर्यंत हा मार्ग राहतो. एच-१बीवाल्याच्या बायकोला तो नाही. तिला कामाचा वेगळा परवाना मागता येतो आणि गुन्ह्याची बळी म्हणून यू व्हिसा. यू व्हिसा वर्षाला दहा हजारच निघतात, रांग फार मोठी आहे. पोलिसांचा रिपोर्ट, दवाखान्याचे कागद, मेसेज यातलं काहीही पुसू नका.

५. दोन वर्षांचं ग्रीन कार्ड असेल तर लग्नाचा अल्बम सांभाळा.
असं कार्ड अटीवर दिलेलं असतं. ती अट काढण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. घटस्फोट झाला तर एकटीने करता येतो, पण लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं. घराचा भाडेकरार, दोघांच्या नावाचं बँक खातं, विमा हे तर हवंच, शिवाय मंगल कार्यालयातले फोटो आणि नगरपंचायतीचा नोंदणी दाखलाही कामी येतो.

६. देश बदलला की नियम बदलतो.
ब्रिटनमध्ये नातं तुटल्याचं होम ऑफिसला कळवावं लागतं आणि व्हिसा साठ दिवसांवर आणला जाऊ शकतो. तिथे निकालाची वाट पाहत बसता येत नाही. छळ होऊन मायदेशी टाकून दिलेल्या बायकांना ३१ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनबाहेरूनही अर्ज करता येतो. कॅनडाने जोडीदारासाठीची सहजीवनाची अट २०१७ मध्येच काढली.

७. तिकडचा निकाल इकडे चालेलच असं नाही.
सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सांगितलं की, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशात दिलेला घटस्फोट साधारणपणे इथे मान्य होत नाही. म्हणजे बाईचा व्हिसा घटस्फोटाने जातो आणि अकोल्यात ती विवाहितच राहते. तिकडून नोटीस आली, तर उत्तर देण्यापूर्वी इथल्या वकिलालाही दाखवा.

८. आपल्या घरात परदेशी सून आली असेल, तर हेच तिच्या बाजूने वाचा.
लग्न दोन वर्षं टिकल्यावर तिला परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, म्हणजे ओसीआय कार्ड मागता येतं आणि घटस्फोट झाला की नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-डी प्रमाणे ते रद्द होऊ शकतं. आपल्या मुलीसाठी जो न्याय मागतो, तो तिलाही द्यायला हवा.

९. मदत मागायला लाजू नका.
राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, वकिलातीत अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा अजून झालेला नाही. तोवर आपणच जपायचं.

मुलगी परदेशी निघाली असेल, तर पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या एच-१बी मंजुरीचा कागद यांच्या प्रती अकोल्यात आईवडिलांजवळ ठेवा. मूळ पासपोर्ट मुलीच्याच हातात राहू द्या.