तयार कपड्यांचा उद्योग : बांगलादेशाचा अनुभव

१९७१ साली स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाची निर्यात जवळजवळ सर्वस्वी तागावर अवलंबून होती. पुढे कृत्रिम धाग्याच्या पिशव्या आल्या आणि तागाची मागणी घटत गेली. आज त्याच देशाच्या निर्यात उत्पन्नाचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. ज्या देशात कापूस फारसा पिकत नाही, तेथे हा उद्योग कसा रुजला, हे विकसनशील देशांतील उद्योगधंद्यांचे बदलते स्वरूप समजून घेण्याच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९७४ च्या मल्टीफायबर करारानुसार प्रगत राष्ट्रांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे ठरवून दिले होते. दक्षिण कोरियाच्या कारखान्यांना या मर्यादा जाचू लागल्या. बांगलादेशावर तेव्हा असा कोटा नव्हता. १९७८ साली तेथील एक माजी सनदी अधिकारी नुरुल कादेर यांच्या ‘देश गार्मेंट्स’ने कोरियाच्या देऊ कंपनीशी करार केला आणि १३० जणांना प्रशिक्षणासाठी पुसान येथे पाठविले. त्यांत काही स्त्रियाही होत्या. कापड बेतण्यापासून मालाचा दर्जा तपासण्यापर्यंतची कामे शिकून ही मंडळी चितगावच्या कारखान्यात रुजू झाली. पुढील काही वर्षांत त्यांपैकी ११५ जण नोकरी सोडून गेले. कोणी स्वतःचे कारखाने काढले, तर कोणी इतरांच्या कारखान्यांत गेले. देश गार्मेंट्सच्या दृष्टीने ही हानीच होती. परंतु शिकलेली माणसे बाहेर पडली नसती, तर ते कौशल्य एकाच आवारात अडकून राहिले असते.

भांडवलाचा प्रश्न दोन साध्या तरतुदींनी सुटला. परदेशी खरेदीदाराने दिलेल्या पतपत्राच्या आधारे बँकेने कापड पुरविणाऱ्याच्या नावे दुसरे पतपत्र उघडायचे, ही पहिली. त्यामुळे शिवलेल्या मालाचे पैसे येईपर्यंत कापडाची रक्कम कारखानदाराला खिशातून भरावी लागत नसे. दुसरी तरतूद बंधित वखारीची. निर्यातीच्या मालासाठी आणलेले कापड तेथे आयातशुल्क न भरता ठेवता येई. शिलाई यंत्रे, भाड्याची जागा आणि परदेशी मागणी एवढ्यावर कारखाना उभा राहू लागला. सरकारी अनुदानापेक्षा कागदावरच्या या दोन नियमांचा वाटा मोठा होता, असे म्हणावे लागते. कोटापद्धती २००४ अखेर संपली, तेव्हा हा उद्योग कोलमडेल अशी भीती होती. पण निर्यात वाढतच राहिली. खेड्यांतील लाखो तरुणी या काळात प्रथमच वेतन घेऊन काम करू लागल्या.

भाड्याच्या जागेत झटपट कारखाना उभारण्याची हीच सोय पुढे घातक ठरली. ढाक्याजवळील सावर येथील राणा प्लाझा ही इमारत दुकाने व कार्यालये यांसाठी होती. वरचे मजले रीतसर परवानगीवाचून चढविण्यात आले आणि तेथे कपड्यांचे पाच कारखाने व अवजड जनित्रे बसविण्यात आली. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे दिसले. इमारतीतील बँकेने व दुकानांनी आपले व्यवहार बंद ठेवले. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावण्यात आले. इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मूळ परवानगी स्थानिक नगरपालिकेची होती. एवढ्या उंच व औद्योगिक वापराच्या इमारतीची छाननी करण्यास लागणारे अभियांत्रिकी ज्ञान त्या कार्यालयाकडे कितपत होते, हा प्रश्न नंतर विचारला गेला.

त्याच वर्षी दोनशेच्या आसपास परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक सुरक्षा करार झाला. स्वतंत्र अभियंत्यांनी दीड हजारांहून अधिक कारखान्यांची पाहणी केली आणि त्यांचे अहवाल सर्वांना पाहण्यास खुले ठेवण्यात आले. २०२० साली हे काम कारखानदार, खरेदीदार व कामगार संघटना यांच्या संयुक्त परिषदेकडे सोपविण्यात आले.