प्रकाश सापळ्याचा नियंत्रक आणि मायक्रोपायथन : कमी स्मृतीत विश्वासार्ह नोंदी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर जिल्ह्यात, भाताचे कुरुवै, सांबा आणि ताळडी असे तीन हंगाम मानले जातात. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटले की कुरुवैची लगबग सुरू होते. सांबा मात्र ईशान्य मोसमी पावसाच्या दमट दिवसांत वाढतो. दाट चुडांच्या बुंध्याशी तपकिरी तुडतुड्यांना याच काळात पोषक वातावरण मिळते. खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे यांच्या आगमनाची पहिली सूचना प्रकाश सापळा देतो. कोकणातील किंवा पूर्व विदर्भातील भातउत्पादकांनाही या किडी अपरिचित नाहीत.

सापळ्यातील आकड्यांना अर्थ येतो तो दिवा रोज ठरावीक वेळेतच लागतो म्हणून. दिवा सायंकाळी ६ ते १० या वेळेतच ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. तुडतुड्यांची अंडी खाणारा मिरीड ढेकूण हा मित्रकीटकही प्रकाशाकडे येतो. रात्रभर जळणारा दिवा त्याचाही बळी घेतो.

दिव्याची वेळ सांभाळणे आणि तापमान व आर्द्रता नोंदवणे ही कामे एक छोटा मायक्रोकंट्रोलर करू शकतो. त्यासाठी मायक्रोपायथन ही भाषा सोयीची आहे. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये तिचा प्रकल्प लोकांपुढे मांडला. सुमारे २५६ किलोबाइट प्रोग्रॅम-जागा आणि १६ किलोबाइट रॅम एवढ्यात ती चालते. (ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ ही याच गोत्रातील वडीलधारी भाषा.) २ किलोबाइट रॅम असलेल्या आर्डुइनो उनोवर मायक्रोपायथन बसत नाही, २६४ किलोबाइट रॅमच्या रास्पबेरी पाय पिकोवर ती आरामात चालते. सी भाषेत बदल केल्यास प्रोग्रॅम पुन्हा संकलित करून यंत्रात भरावा लागतो. येथे प्रोग्रॅम ही साधी मजकुराची फाइल असते. हंगामानुसार दिव्याची वेळ बदलायची असेल, तर विस्तार कार्यकर्ता बांधावर लॅपटॉप जोडून एक आकडा बदलू शकतो.

ही सोय फसवीही ठरते, कारण भाषा सोपी असली तरी स्मृती तुटपुंजीच असते. समजा, दर १० सेकंदांनी तापमान वाचून ते यादीत जोडत नेले. दिवसाच्या नोंदी ८,६४० होतात. पिकोवर प्रत्येक दशांश संख्येला १६ बाइट आणि यादीतील जागेला ४ बाइट, म्हणजे एकूण १,७२,८०० बाइट लागतात. शिवाय यादी वाढवताना नवी, मोठी आणि सलग जागा हवी असते. सायंकाळी सुरू केलेले यंत्र पहिली रात्र सुरळीत काढते आणि दुसऱ्या सायंकाळी, दिवा पेटलेला असतानाच, स्मृती संपून प्रोग्रॅम थांबू शकतो. पिनची शेवटची अवस्था तशीच राहते, म्हणून दिवा पहाटेपर्यंत जळत राहतो. सकाळी सापळा भरलेला दिसतो आणि तुडतुड्यांचा उद्रेक झाल्याचा समज होतो. त्या भरात सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी झाली, तर भक्षक कीटक मरतात आणि तुडतुडे पुन्हा अधिक जोमाने वाढतात. प्रोग्रॅममधील एक निष्काळजी ओळ अशी थेट पिकाच्या मुळाशी येते.

उपाय अवघड नाहीत. मुळात दर १० सेकंदांच्या स्वतंत्र नोंदीची कीटकशास्त्राला गरजच नसते. १० मिनिटांतील ६० वाचनांची बेरीज ठेवावी, सरासरी फाइलमध्ये लिहावी आणि बेरीज शून्य करावी. दिवसाच्या १४४ ओळी पुरेशा होतात. प्रत्येक वाचन ठेवायचेच असेल, तर २७.४ अंश हे २७४ असे पूर्णांकात लिहून प्रत्येकी २ बाइटच्या ॲरेत साठवावे. ॲरेची जागा सुरुवातीलाच राखून ठेवली की तेवढ्याच ८,६४० नोंदी १७,२८० बाइटमध्ये मावतात.

प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीने दिवा बंद करावा आणि वॉचडॉग सुरू ठेवावा. प्रोग्रॅम अडकला की वॉचडॉग यंत्र पुन्हा सुरू करतो. पिकोवर त्याची कमाल मुदत सुमारे ८.३ सेकंद असल्याने १० सेकंदांची विश्रांती एका दमात देऊ नये, तुकड्यांत द्यावी. वीज गेल्यावर पिकोची वेळ पुसली जाते. त्यासाठी बॅटरीवरील डीएस ३२३१ घड्याळ जोडावे. रिले असा निवडावा की पिन निष्क्रिय असताना दिवा विझलेलाच राहील.

शेतात नेण्यापूर्वी यंत्र सलग तीन रात्री टेबलावर चालवावे आणि दर तासाची मोकळी स्मृती फाइलमध्ये नोंदवावी. हा आकडा दररोज घटत असेल, तर प्रोग्रॅम अजून शेतासाठी तयार नाही. दिवा प्रत्यक्ष किती वाजता लागला व विझला, हेही त्याच फाइलमध्ये लिहिले जावे. सकाळी पतंग मोजणाऱ्याने आधी ती वेळ पाहावी. चार तासांहून अधिक दिवा जळालेल्या रात्रीचा आकडा नोंदवहीत वेगळ्या खुणेने लिहावा आणि सरासरीत धरू नये. फवारणीचा निर्णय मात्र चुडांची पाहणी करूनच घ्यावा : भक्षक कोळी नसल्यास प्रति फुटवा १ तुडतुडा, आणि प्रति चूड १ कोळी असल्यास प्रति फुटवा २ तुडतुडे, ही तमिळनाडू कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली संकेत पातळी आहे.